पांढऱ्या कोटातला फोटो

नेत्राला पीएच्या कोर्सला प्रवेश मिळाला, त्या दिवशी तिच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण होतं. मला अजून त्याचा राग येतो. ओहायोतल्या आमच्या डब्लिनमध्ये मराठी घरात मूल स्पेलिंगच्या स्पर्धेत तिसरं आलं तरी चारचौघांना फोन जातात. ही पोरगी तर निवडलेल्यांत वयाने सगळ्यात लहान! बाकीचे कुणी अँब्युलन्सवर, कुणी सैन्यात कामं करून आलेले. नेत्राने कॉलेज करता करता एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना उठवलं, बसवलं, पुसलं, भरवलं आणि प्रवेशाला लागतो तो अनुभव मिळवला. तिची आई सुचित्रा माझी जुनी मैत्रीण. तिला कुणी लेकीच्या या कामाबद्दल विचारलं, की ती खुशाल सांगायची, "हॉस्पिटलमध्ये रिसर्च करते."

पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट. डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट तपासायचे, औषधं लिहून द्यायची, टाके घालायचे. नेत्राला हेच करायचं होतं. पण तिच्या वडिलांच्या, प्रतापच्या, घशाखाली तो 'असिस्टंट' काही उतरेना.

"म्हणजे कंपाउंडरच ना?" ते म्हणाले. "ही सीट सोड. वर्षभर अभ्यास कर आणि खऱ्या मेडिकलला अप्लाय कर."

"बाबा, मला हेच करायचंय. आय डोन्ट वॉन्ट टू बी अ डॉक्टर."

तिने सीट घेतली. प्रतापनी तिच्याशी बोलणं टाकलं.

पाडव्याला मंडळाचा कार्यक्रम होता. त्यात दरवर्षी हुशार मुलांचा सत्कार होतो, आणि मुलांची माहिती आईवडीलच कळवतात. माइकवरून नाव आलं, "नेत्रा डांगरे, मेडिकलला प्रवेश! आपल्या मंडळाची भावी डॉक्टर!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मी प्रतापकडे पाहिलं. कित्येक दिवसांनी ते लेकीकडे बघून हसत होते.

नेत्राने नारळ घेतला आणि माइकही घेतला. "थँक यू. पण सॉरी, काहीतरी मिस्टेक झालीय. मी डॉक्टर नाही होणार. मी पीए होणार आहे, अँड आय ॲम रिअली हॅपी."

मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, पण एकटीच्या टाळ्यांना किती आवाज असणार? मागून एका काकांनी बायकोला विचारलं, "नर्ससारखं असतं का गं?" प्रताप जेवायला न थांबता पार्किंग लॉटमध्ये निघून गेले. सुचित्रा मान खाली घालून श्रीखंड वाढत राहिली.

उन्हाळ्यात कोर्स सुरू झाला. तिथे मुलांना पांढरा कोट देण्याचा समारंभ असतो. नेत्राने घरी कळवलं खरं, पण तिला काही आशा नव्हती. आणि प्रताप गेले! कोट आणि टाय घालून, कॅमेरा घेऊन गेले. संध्याकाळी मला नेत्राचा फोन आला. "मावशी, बाबा आले! माझी कॉलर नीट केली त्यांनी. कितीतरी फोटो काढले." पोरगी रडत होती. मलाही भरून आलं. वाटलं, चला, सुटला एकदाचा गुंता.

पुढच्या रविवारी नेत्रा घरी आली म्हणून मी भेटायला गेले. चहा चालला होता, तेवढ्यात नागपूरहून प्रतापच्या बहिणीचा, सरलाआत्यांचा फोन आला. सुचित्राने तो स्पीकरवर टाकला.

"कुठे आहे आमची डॉक्टरीणबाई? प्रतापने ईमेलवर फोटो पाठवले नं! काय गोड दिसून राहिली गं त्या पांढऱ्या कोटात! अख्ख्या गल्लीत पेढे वाटले आम्ही."

नेत्राने वडिलांकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते, एरवी कधी ओतत नाहीत. आता ही बोलणार, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं.

"थँक यू, आत्या," नेत्रा म्हणाली आणि फोन वडिलांच्या हातात देऊन आत गेली.

प्रतापच्या चेहऱ्यावर किती हायसं वाटलेलं दिसलं! त्या माणसाला एवढंही कळलं नाही, की माइकवरून बोलली तेव्हा लेक अजून आपल्याशी भांडत होती. आता तिने भांडणंही सोडलं होतं.

दोन हजार आठ साली नेत्रा पीए झाली. पदवीच्या समारंभाला तिने मला बोलावलं. आईवडिलांना तारीखसुद्धा सांगितली नाही.