सीताकाकीचा लोखंडी पाखऱ्या

सीताकाकीला वाडीत दुसऱ्या कुणी हेकट म्हटलं की मी चिडायचो. तिला तसं म्हणायचा हक्क मी स्वतःकडे राखून ठेवला होता. सतरा वर्षं मी तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि शाळेच्या मागेच तिचं घर होतं.

१९९८ साली तिचा पाखऱ्या बैल वाडीच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर, चरायला गेला. तिथे रानडुकरांसाठी कणकेच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवला होता, तो त्याने चावला. जबडा उडाला. चार दिवस तो गोठ्यात उभाच होता, एकदाही बसला नाही. काकीने त्याला पुरलं, जोडीचा बैल विकला आणि पुन्हा दावणीला जनावर बांधलं नाही. गोळा कुणी ठेवला ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. वाडी गप्प बसली, आणि वाडीत मीही आलोच.

२००६च्या मे महिन्यात वाडीची बैठक भरली. आदल्या वर्षी डुकरांनी भाताची पार नासाडी केली होती. वाडीतला सखाराम म्हणाला, "यंदा गोळे ठेवू." माझंही भात गेलं होतं, त्यामुळे माझी मान सगळ्यांच्या आधी डोलली. तेवढ्यात मागून काकी उठली.

"दसऱ्यापर्यंत थांबा. मी सड्यावर त्यांच्यासाठी पेरते. वर पोट भरलं तर खाली कशाला येतील? नाय थांबली, तर खुशाल ठेवा तुमचे गोळे."

"डुकरांना जेवणावळ!" असं म्हणून सगळ्यांना हसवणारा मीच. पण दसऱ्यापर्यंतची मुदत मिळाली.

सडा म्हणजे सगळा जांभा कातळ, मध्येमध्ये खोलीएवढे मातीचे तुकडे. तिथे ट्रॅक्टर चढत नाही. काकीचा मुलगा राजेंद्र मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आरे-वारेच्या किनाऱ्यावर वाळूत पर्यटकांना फिरवणारी एक एटीव्ही, म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल, खाऱ्या हवेने सडली म्हणून मालकाने भंगारात काढली होती. राजेंद्रने ती चालती केली, मागे लोखंडी दाते जोडले आणि टेम्पोतून आईच्या दारात आणून उतरवली.

साठीला टेकलेली काकी काष्टा खोचून तिच्यावर बसली. निघाली झोकात. थांबायची वेळ आली तेव्हा मात्र तिने कासरा ओढावा तसं हँडल मागे ओढलं आणि ओरडली, "होऽ होऽ पाखऱ्या!" गाडी सरळ बांधावर चढली.

"आये, ब्रेक दाब!" राजेंद्र धावला.

"त्याला सांगितलं ना मी थांब म्हणून!"

मी पोट धरून हसलो. मग लक्षात आलं, आठ वर्षांत ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. मला माझीच लाज वाटली.

तिने अकरा तुकडे उकरले. मका पेरला, रताळ्याचे वेल लावले, भर पावसात डोक्यावर पानांचं इरलं घेऊन तण उपटत बेणणी केली. सप्टेंबरात मका असा तरारला की बघत राहावं.

आणि दसऱ्याला दहा दिवस उरले असताना डुकरं सखारामच्या भातात शिरली. तो तणतणत काकीच्या दारात आला. काकी, तो आणि मी असे तिघं वर गेलो, तर एका कणसालाही तोंड लागलेलं नव्हतं. काकीचा चेहरा उतरला. मी इकडेतिकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. अकराही तुकड्यांत बुजगावणी उभी होती आणि वाऱ्यावर पत्र्याचे डबे खडखडत होते.

"काकी, जेवायला बोलावलंत आणि दारात पहारा बसवलात?"

ती बुजगावण्यांकडे वळली. जन्मभर पेरलं की राखलं. हातांनी ते विचारायच्या आधीच करून टाकलं होतं. तिने अकराही बुजगावणी उपटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर सड्यावर गेलो. मका आडवा झाला होता, रताळी उकरलेली होती, आणि कडेला एक डुकरीण पिल्लांसह अजून खात होती. काकीने सवयीने धोंडा उचलला. हात वर गेला आणि तिथेच थांबला. मग धोंडा खाली टाकून ती कातळावर बसली. चार महिन्यांची मेहनत तिच्यासमोर फस्त होत होती. ती रडत होती आणि हसतही होती.

दसऱ्यापर्यंत खाली कुणाच्या भाताला धक्का लागला नाही. गोळ्यांचा विषय कुणी काढला नाही.

पुढच्या मे महिन्यात सखाराम मक्याच्या बियाण्याची पिशवी घेऊन तिच्या दारात आला. मी तिथेच होतो. तो गाडीकडे बघून म्हणाला, "काकी, हाच काय तुमचा पाखऱ्या?"

"ह्यो दुसरा," काकी म्हणाली. "पहिल्याने तुजा गोळा खाल्लान."

सखारामची मान खाली गेली. माझीही. काकी गाडीवर चढून बसली.

"नुसता उभा काय ऱ्हायलास? पिशवी मागं बांध. अकरा तुकडे उकरायचे हायत."