एका दीर्घिकेतला जोड

फोन लागला की मिस्ड कॉल देऊन ठेवायचो, त्या दिवसांतली गोष्ट. न्हावऱ्याला, गावी, आमच्या शेडात कांदा निवडायचं काम चाललं होतं आणि मी पुण्याहून तोंड पाडून घरी आले होते...

पीएचडीचं तिसरं वर्ष. दोन दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, एकमेकींत मिसळल्या की दोघींची महाकाय कृष्णविवरं एकाच घरात नांदायला लागतात. अशा जोड्या शोधायचं माझं काम, आणि एकेक जोडी खोटी निघत होती.

शेवटची एक दीर्घिका उरली होती. तिच्या प्रकाशाच्या आलेखात एकाऐवजी दोन उंचवटे होते. पण दुर्बिणीच्या अरुंद फटीतून पाहिलं, तर दोन्ही एकाच जागेवरून आलेले दिसत होते. एकटं कृष्णविवरही भोवतीच्या वायूमुळे असं सोंग करतं... म्हणजे हीसुद्धा गेली. सोमवारी सरांना सांगून विषयच सोडायचा, असं मी ठरवलं होतं.

आई म्हणाली, कांदा निवडायला बस, रडायला निदान कारण तरी मिळेल.

कांतामावशी कित्येक वर्षं आमच्याकडे निवडायला येतात. वरून एक आणि आत दोन असलेला जोडकांदा त्या न कापता ओळखतात. मी चांगल्या ढिगात टाकलेला एक कांदा त्यांनी उचलून परत माझ्या हातात दिला.

"ह्यो जोड हाय."

मला तर एकच दिसत होता.

"आगं, एकाच अंगानं काय बघतीस? फिरीव की जरा!"

फिरवला. पलीकडे बारीक खाच होती... दीर्घिकाही मी एकाच अंगाने पाहिली होती! दोन कृष्णविवरं फटीला आडवी असतील, तर ती एकाच जागी दिसणार. दीर्घिका फिरवता येत नाही, पण फट फिरवता येते. हे मी पुस्तकात वाचलंही होतं, लाज वाटली.

सरांनी पुन्हा दुर्बिणीचा वेळ मिळवून दिला. फट काटकोनात फिरवली आणि दोन उंचवटे दोन वेगळ्या जागी दिसले! पुढे दुसऱ्या दुर्बिणीनेही तेच सांगितलं.

प्रबंधात आभाराच्या पानावर पहिलं नाव मावशींचं घातलं. ते दाखवायला गेले, तेव्हा त्या शेडातच होत्या. आकाशात मी कसला जोड शोधत होते, तेही सांगितलं.

"मंग, जोड निघाला व्हय?"

हो म्हटलं. मावशी खुदकन हसल्या.

"आम्ही जल्मभर जोड बाजूला काढला बाई. तुमच्यात त्योच हुडकत्यात व्हय!"

आणि हातातला जोडकांदा ढिगात न टाकता त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवला. त्या दिवशी मला खरी डिग्री मिळाली, मावशी...