साडूंचा चित्ता

चित्त्याबद्दल माणसाला जेवढं म्हणून ठाऊक असू शकतं, तेवढं सगळं आमच्या साडूंना ठाऊक आहे. त्याचा या बुकित पंजांगमध्ये, परदेशातल्या उंच इमारतींच्या उपनगरात, उपयोग काय, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. माझ्या मेव्हणीचे हे यजमान आमच्या शेजारच्या ब्लॉकमध्ये एकटेच राहायचे, बायको-मुलगी पुण्यात. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे, आणि बोलणं सगळं आफ्रिकेतल्या गवताळ रानातलं. स्टेशनात एलआरटी गाडीचं दार बंद होताना दिसलं की मी धावायला निघायचो; हे जागचे हलायचे नाहीत. "टप्प्यात नाही," म्हणायचे. "चित्ता दबकत जवळ जातो, अंतर बेताचं उरलं तरच धावतो. नाही जमलं तर सोडून देतो." मग त्यांच्यासोबत मीही का थांबायचो, देव जाणे.

हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, तर कहर. दुपारच्या गर्दीत इथे लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून निवांत जेवण आणायला जातात. जागा धरलेली आहे हे न सांगता सगळ्यांना कळतं. साडूंना हे साफ नामंजूर. "ही बिबट्याची चाल. तो शिकार झाडावर नेऊन ठेवतो. चित्त्याला असलं राखून ठेवणं जमत नाही." मग ते एक जेवणारा हेरायचे आणि त्याच्या पाठीशी दबा धरून उभे राहायचे. शेजारची टेबलं रिकामी होऊन पुन्हा भरली तरी यांची नजर ढळायची नाही. का, तर चित्ता भर धावेत हरीण बदलत नाही. अखेर जागा मिळाली की मी भाताला हात घालायचो आणि हे नुसतेच बसून.

"थांबा, दम खातोय. चित्ता शिकार साधली तरी धापा टाकत बसतो आणि हुकली तरी."

"मग बघणाऱ्याला कळायचं कसं?" मी वैतागून विचारलं.

"लांबून नाही कळत," ते शांतपणे म्हणाले.

गेल्या वर्षी जुरोंग ईस्टच्या ऑफिसातला त्यांचा विभागच बंद झाला. दुसरी नोकरी मिळाली नाही तर इथे राहायचा पास संपणार, गाशा गुंडाळायचा. आणि मुलीचं कॉलेज नुकतंच सुरू झालेलं. बरेच अर्ज फुकट गेल्यावर एके ठिकाणी जमत आलं. तर या गृहस्थांनी हॉकर सेंटरच्याच टेबलावर, आपल्यासोबतच नोकरी गेलेल्या एका तरुण सहकाऱ्याला त्या जागेची सगळी माहिती देऊन टाकली. नोकरी त्याला लागली. माझं डोकंच फिरलं.

"अहो, निदान तिथे तरी टिश्यू ठेवायचा होता!"

"त्याने विचारलं, मी सांगितलं."

"मग आता जाऊन भांडा तरी."

"चित्ता भांडत नाही. तरस आलं की शिकार सोडून निघतो. जखमी झाला तर पुढच्या वेळी धावणार कसा?"

हा शहाणपणा की शुद्ध वेडेपणा, मला काही ठरवता येईना. बायकोला विचारलं, तर ती डोळे पुसत त्यांच्यासाठी डबा भरत होती. महिनाअखेरीस ते पुण्याला गेले.

परवा हॉकर सेंटरला एकटाच गेलो. टिश्यूचं पाकीट टेबलावर ठेवलं, परत खिशात घातलं आणि एका चिनी आजोबांच्या मागे जाऊन उभा राहिलो. आजोबा बिचारे घाईघाईने जेवू लागले आणि मला भारी ओशाळल्यासारखं झालं. जागा मिळाल्यावर साडूंना फोन लावला. तुमची फार आठवण येते, हे सरळ सांगून टाकलं. मग भीतभीतच विचारलं, "नोकरीचं काही झालं का?"



"दम खातोय," ते म्हणाले.

साधली म्हणून की हुकली म्हणून, इतक्या लांबून मला कळलं नाही.