दादाशेजारी बसून घेतलेलं प्रभुभोजन

मी चौथीपर्यंत शिकलो. चुका काढायच्या त्यांनी काढाव्यात, पण हे मी दुसऱ्याकडून लिहवून घेणार नाही.

आई धारला दादाकडे, माझ्या थोरल्या भावाकडे होती. ती गेली तेव्हा मी देवासच्या कारखान्यात पाळीवर. निरोप मिळून पोहोचलो, तोवर दादानं माती देऊन टाकलेली. "उन्हाळा आहे रे, किती थांबणार?" म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. चार वर्षं.

देवासला आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन; येशूच्या आठवणीसाठी ताटातली भाकर आणि पेल्यातला द्राक्षरस बाकाबाकावर फिरे. त्याआधी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, सांगत, "स्वतःला तपासा. कोणाविषयी अढी असेल तर आत्ता मिटवा." मग सगळे एकमेकांना हात देत. एका रविवारी दादा धारहून आला आणि सरळ माझ्याच बाकावर बसला. हात पुढे केला. मी रुमाल काढून नाक पुसत राहिलो. मागून कोणी कुजबुजलं, "भिया, हाथ तो मिला लो." मी ऐकलं न ऐकलंसं केलं.

खरं तर मनात अढी ठेवून त्या दिवशी भाकर घ्यायलाच नको होती. पण ताट माझ्यापुढून तसंच गेलं तर मंडळी काय म्हणेल? घेतली. पेल्यातला घोटही घेतला.

पुढचा पहिला रविवार यायच्या आत दादा गेला. छातीत कळ आली म्हणे.

मग सात-आठ वर्षं ताट जवळ आलं की तो शेजारी येऊन बसे. बाक रिकामा असला तरी मी सरकून जागा करी आणि भाकर न घेताच ताट पुढे देई. पाळकांनी विचारलं तर सांगे, "दात दुखतात."

शेवटी धारला जाऊन वहिनीला सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, हे पण त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. म्हणाले, चारचौघांत त्याला खाली बघायला लावावं म्हणून मी हात पुढे केला, आणि तसाच प्रभुभोजन घेऊन आलो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आलात कधी?"

पुढच्या महिन्यात ताट आलं तेव्हा मी डोळे मिटून म्हणालो, प्रभू, आम्ही दोघंही तसलेच. भाकर घेतली. गिळवेना. पाळकांनी शेवटचं गीत सुरू केलं, सगळे उभे राहिले, तरी ती माझ्या तोंडातच होती.