मध्यंतराला आलेले कोच

नव्वदच्या दशकात आमच्या नाशिक रोडच्या फुटबॉल टीमचे कोच एकलहऱ्याच्या टीमकडे गेले. त्यानंतर दर रविवारी मिसळ खाताना आमचा एकच वाद चालायचा, माणूस कामाचा होता की नाही. माझा मित्र म्हणायचा, "त्यांनी आपल्या पोरांना बचाव शिकवला." मी म्हणायचो, "आणि गोल कुठे असतो ते सांगायचं राहिलं."

मग एकलहऱ्याशीच सामना लागला. मध्यंतराला कोच सवयीने आमच्याच पोरांकडे आले आणि एकेकाची चूक काढून झापू लागले. पोरंही सवयीने मान खाली घालून ऐकत राहिली. आम्ही दोन-शून्य जिंकलो.

तेव्हापासून एकलहऱ्याचे लोक म्हणतात, कोच बिनकामाचे होते. त्या लोकांशी मी अजून भांडतो.