न सांडणारं सरबत

माझ्या वहिनीनं आजवर जितकी माणसं तहानलेली ठेवली, तितकी एखाद्या कडक उन्हाळ्यानंही ठेवली नसतील; आणि तरीही त्यातलं एकही माणूस तिच्यावर रागावून आमच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, उतरलेलं मी पाहिलेलं नाही. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. मूळची दोडामार्गकडची, म्हणजे अर्धी गोव्याचीच. तिचे वडील पलीकडे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला होते. लग्न होऊन मिठबावला आली तेव्हा इतर मुली आणतात तशी भांडीकुंडी तिनं आणलीच, पण सोबत चायना ग्रासचं एक जाडजूड पुडकंही आणलं. ते पांढरट दोरे बघून माझ्या आईला वाटलं, सुनेनं उशीत भरायला काहीतरी आणलं असावं. पाण्यात उकळून रसात मिसळले की ते दोरे दिसेनासे होतात आणि रस निवला की थिजतो, एवढंच त्यातलं शास्त्र. दुसऱ्या एखाद्या बाईनं त्याच्या वड्या पाडल्या असत्या, ताटलीत मांडून कौतुक करून घेतलं असतं. वहिनीनं पहिल्या दिवसापासून त्याचा उपयोग फक्त लोकांना फसवण्यासाठी केला.

तिची पद्धत अशी. कोकम सरबत नेहमीसारखं करायचं, जिऱ्याच्या पुडीसकट. ते काचेच्या पेल्यात ओतून त्यात स्ट्रॉ उभी करायची आणि पेला थंड व्हायला ठेवायचा. मग खळ्यात पाहुणा आला, टोपी काढून वारा घेऊ लागला, की हसू न दाखवता तो पेला त्याच्यापुढे ठेवायचा आणि स्वतः दाराच्या चौकटीला टेकून उभं राहायचं. शहाळ्याच्या पाण्याची जेली तर इतकी नितळ व्हायची की पाणीच वाटे. कधी लहर आली तर ती पेला कलता ठेवूनच थिजवायची. मग तो सरळ ठेवला तरी आतलं सरबत तिरकंच उभं राही. ते पाहून एका म्हाताऱ्या पाहुण्यानं आपलीच मान वाकडी झाली असं समजून ती दोन्ही हातांनी सरळ केली होती. बंदरावर मासळीचा व्यापार करणारे एक चाचा होते. त्यांनी पेला उपडा करून, तळाशी थापट्या मारून पाहिल्या आणि विचारलं, "वैनी, ह्या गिलासाक बूच लागला काय?" दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन आले, कृती विचारायला नव्हे, तर बायकोची फजिती बघायला. ग्रामपंचायतीचे एक उमेदवार मतं मागायला आले तेव्हा त्यांनी मानेच्या शिरा फुगेपर्यंत स्ट्रॉ ओढली. वहिनी काळजीच्या सुरात म्हणाली, "एवढा ओढूक जमणा नाय, तर गावाक पाण्याची लाइन कशी ओढून आणतलात?" ते पडले. वहिनीमुळे नसावेत, पण आमच्या वाडीत तसंच मानतात.

तिच्या धाडसाला सीमा नव्हती हे पुतणीला बघायला पाहुणे आले तेव्हा कळलं. अननसाच्या रसाची पिवळीधमक जेली, वर फेटलेल्या सायीचा पांढरा फेस. उंच पेल्यांत भरलेला तो प्रकार ट्रेमधून आला आणि मुलाच्या वडिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. भर दुपारी, मुलीच्या घरी, मुलीच्या आईनं बिअर आणून ठेवलेली! मुलाच्या आईनं पदर नाकाला लावला. दादा छताकडे बघत बसला; तो अशा वेळी छताकडेच बघतो. शेवटी ते गृहस्थ धीर करून म्हणाले, "आम्ही घेत नाही हो." वहिनी म्हणाली, "घेवचा नाय, खावचा आसा," आणि पुढे चमचे ठेवले. पेल्यात चमचा उभा राहिला आणि ते गृहस्थ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. लग्न तिथंच ठरलं.

या घरात वहिनी आली हे आमचं नशीब, कारण आमचं घर मुक्यांचं. वडील बोलत नसत, दादा बोलत नाही, मी तर त्याहून कमी. ओरोसच्या कचेरीत माझी नोकरी झाली. तिथेही सही करून पुढे सरकवणारा माणूस म्हणूनच मला ओळखतात. मी आयुष्यात एकदाच मोठ्या आवाजात बोललो आणि नको ते बोललो. आमच्या दोन घरांच्या मध्ये रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं झाड होतं. त्याच्या मुळांनी दादाच्या पडवीचे चिरे उचलले, म्हणून त्यानं ते तोडलं. मी संध्याकाळी कचेरीतून आलो, तर आडवं पडलेलं झाड. चार माणसांदेखत म्हणालो, "आजपासून ह्या घरचा पाणी माका वर्ज्य."

बाहेरच्यांना यात काही विशेष वाटणार नाही. आमच्याकडे भावकीत फाटलं की माणूस पहिल्यांदा पाणी बंद करतो. त्या घरी आरतीला जाईल, मयताला खांदा देईल, शिडी मागायला जाईल, पण घोटभर पाणी पिणार नाही. आणि एकदा बोलला की मागे घेणार नाही. चवथीला गणपती दादाच्या घरी, म्हणजे मूळ घरी. मी जायचो, आरती म्हणायचो, मोदक खायचो आणि घसा कोरडा घेऊन घरी येऊन तांब्याभर पाणी ढोसायचो. माझी बायको म्हणायची, "मोदक चलता, पाणी चलना नाय. असलो कसलो तुमचो राग?"

खरं सांगतो, झाडाचा राग नव्हताच. झाड वाटणीत दादाकडे गेलेलं होतं आणि मी त्याला कधी तांब्याभर पाणी घातलेलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. मी तेव्हा कचेरीच्या कामानं परगावी होतो. तिचं जास्त झालंय असा दादाचा निरोप आला होता. मी म्हटलं, हातातलं काम उरकून उद्या निघतो. मी पोचलो तेव्हा दादानं तिच्या तोंडात शेवटचं पाणी घातलेलं होतं. तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याचं ते न बोलणं मी वर्षभर अंगावर वागवलं आणि झाड पडलेलं दिसताच त्याच्याच अंगावर फेकलं. ज्या घरात मी आईला पाणी देऊ शकलो नाही, तिथलं पाणी मी स्वतःला बंद केलं, असं मी पुढे मनाशी म्हणू लागलो. ऐकायला ते बरं वाटतं. शिक्षा मात्र दादाला झाली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण अशाच एका चवथीला वहिनीनं माझ्यासमोर सरबताचा पेला ठेवला. पडवीत भावकी जमलेली. मी मान हलवली.

"घेवा, भावजी."

"वहिनी, तुमका म्हायती आसा."

"माका सगळा म्हायती आसा. तुम्ही पाण्याची शपथ घेतलास मां? मगे ह्या पाणी आसा काय, बघा." आणि तिनं तो पेला उचलून भर आरतीच्या गर्दीत माझ्या डोक्यावर उपडा धरला. बायका किंचाळल्या. मी डोळे मिटले. थेंब पडला नाही. "पाणी असता तर भिजला असतास," ती म्हणाली आणि हातात चमचा दिला. सगळे हसत होते. मी खाली मान घालून ते आंबटगोड सरबत चमच्यानं खाल्लं. दादा छताकडे बघत होता.

तेव्हापासून मी त्या घरी जाऊ लागलो, नुसता चवथीला नाही, असाच. करवंदाचं, जांभळाचं, आवळ्याचं, जे फळ हाताशी येईल त्याचं सरबत ती थिजवून ठेवायची. मी पडवीत बसून चमच्यानं खायचो, दादा शेजारी बसून हापूसच्या कलमांकडे बघायचा, आणि बोलायची एकटी वहिनी. एका शब्दानं मला हे संपवता आलं असतं. पण शब्द काढण्यापेक्षा जेली खाणं सोपं होतं, आणि मी ते सोपं काम वर्षानुवर्षं केलं. माझ्या हट्टासाठी ती बाई चुलीशी उभी राहते, हे कळत असूनही केलं.

यंदा ऐन एप्रिलात पुतणीच्या बाळंतपणाला वहिनी पुण्याला गेली. दादाला ताप आल्याचं ऐकून मी दुपारचा गेलो. ताप उतरला होता. मला बघताच तो उठून आत गेला आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. ज्या माणसानं जन्मात चहा केला नाही, तो दोन्ही हातांत पेला धरून बाहेर आला. माझ्यासमोर ठेवला, बाजूला चमचा ठेवला. "तुझ्या वहिनीक फोन करून विचारलंय. सकाळी केलंय. तू येशीत असा वाटला."

मी चमचा घातला. तो सरळ तळाशी जाऊन टणकन वाजला.

आम्ही दोघंही त्या पेल्याकडे बघत राहिलो. दादाचा चेहरा पडला. "गोठाक नाय रे," तो म्हणाला. "तिना सांगल्यान तसाच केलंय. चिमूटभर चायना ग्रास." आणि पेला परत न्यायला त्यानं हात पुढे केला. मी पेला सोडला नाही. तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

दादा छताकडे बघायचं विसरला.

"आजून आसा?" मी विचारलं.

"आसा. टोपभर आसा."

"तां ऱ्हवांदे. साधा पाणी दी."

त्यानं तांब्या आणला. पाणी किंचित मचूळ लागलं. उन्हाळ्यात मूळ घरच्या विहिरीचं पाणी तसं होतं, हे मी पार विसरलो होतो. मग मी त्याला आईच्या त्या दिवसाबद्दल सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. तो म्हणाला, "तुझा नाव घेय होती. रागान नाय." एवढंच.

संध्याकाळी वहिनीचा फोन आला. मागे बाळ रडत होतं. "काय ओ भावजी, गोठला काय?"

"नाय. प्यालंय मी."

तिनं बाळाला खांद्यावर घेतलं असावं, रडणं थांबलं. मग ती म्हणाली, "तुमच्या भावाक काय कळता? चिमटीत खंय गोठता काय!" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की मूठभर लागणारी वस्तू तिनं नवऱ्याला चिमूटभर सांगितली होती.

वहिनी आता परत आली आहे. मी गेलो की ती तांब्याभांडं ठेवते, "बसा" म्हणते आणि आपल्या कामाला निघून जाते. पेले अजून थिजतात, पण ते पाहुण्यांसाठी. परवा पोस्टमन त्यातलाच एक पेला उलटा करून बघत होता आणि वहिनी चौकटीला टेकून उभी होती. मी पाणी पीत बसलो होतो. मला वाटलं, एखादा चमचा मलाही मागावा. पण घरच्या माणसानं असं मागायचं कसं, ते काही सुचलं नाही.