शनिवारी संध्याकाळी घरी

दीपकचा फोन आला तेव्हा मी हमरापूरला आमच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या पीतांबराला पिवळा रंग देत होतो. हात भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि "इक्बालभाय गेला" हे कारखान्यातल्या सगळ्यांनीच ऐकलं. "सकाळी हार्टचा झटका आला. दुपारच्या नमाजनंतर माती हाय, या," एवढंच तो म्हणाला. मी घाईघाईत हात धुतले. रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या कब्रस्तानात मूठभर माती टाकताना नखांत पिवळा रंग तसाच दिसत होता. त्याला आता सव्वा महिना झाला.

इक्बाल वाचकांना माहीत असायचं कारण नाही, आणि तो दोष बऱ्याच अंशी माझा. सीड्या चालायच्या त्या काळात मी मुंबईच्या एका छोट्या म्युझिक कंपनीचा प्रमोटर होतो. सीड्या पिशवीत भरायच्या आणि पेण-रोह्यातली दुकानं, केबलवाले, कॉलेजांची गॅदरिंगं पालथी घालायची, हे माझं काम. 'खाजण' हा रोह्यातल्या चौघांचा रॉक बँड. चौघेही केमिकल कंपन्यांत कामाला. इक्बाल गायचा आणि गिटार वाजवायचा, दीपक ड्रम्सवर. बांध फुटून शेतात शिरणाऱ्या खाऱ्या पाण्याची गाणी, आणि आवाज असा की कुंडलिका नदीच्या पुलावरचा माणूस थांबून बघेल. पेणच्या एका दुकानदाराने त्यांची सीडी उलटसुलट करून मला विचारलं, "यात आरत्या किती हायत?" हे इक्बालला सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "सांग त्याला, पुढच्या सीडीत टाकतो."

पुढची सीडी निघालीच नाही. चौघांच्या शिफ्टा वेगवेगळ्या, त्यामुळे सराव असो की कार्यक्रम, सगळं कंपनीच्या शिफ्ट चार्टवर ठरायचं. दीपकने त्याचा चार्ट मला दिला होता. त्यात रात्रपाळी रविवारच्या खान्यात होती, म्हणून शनिवार मोकळा धरून मी पेणला संध्याकाळचा कार्यक्रम ठरवला, बॅनर छापले, मुंबईच्या साहेबांना बोलावलं. पण दीपकच्या कंपनीत रात्रपाळी ज्या दिवशी संपते त्या दिवसाच्या खान्यात लिहितात. रविवारची रात्रपाळी शनिवारी रात्रीच लागते. चार्ट देताना दीपकने हे मला सांगितलं होतं. मी "हो हो" म्हटलं होतं...

बॅनर लागल्यावर त्याने तारीख पाहिली, पण तोवर सगळं ठरून गेलं होतं. नऊपर्यंत वाजवून निघतो, म्हणाला. साहेब हायवेवर अडकले आणि नेमके नऊला पोचले. दीपक ड्रम सोडून उठला. तो कॉन्ट्रॅक्टवर होता, महिनाभरात कायम व्हायचा होता. मी स्टेजमागे त्याचा दंड धरला. "एक खाडा कर रे. सगळ्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे." इक्बालने माझा हात सोडवला. "त्याच्या पन आयुष्याचाच हाय. जाऊ दे त्याला."

ड्रमशिवाय तीन गाणी झाली. साहेब उठले, जाताना विचारलं, असं कसं झालं? मी बॅनरची दोरी सोडायला लागलो. इक्बाल म्हणाला, "तारीख मी चुकीची दिली, साहेब." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर माझी नोकरी टिकली.

त्यानंतर इक्बाल चौघांचा चार्ट स्वतः मांडून मला द्यायला लागला. पहिलीतल्या पोराला कळेल असं लिहायचा : 'शनिवारी संध्याकाळी घरी', 'शनिवारी रात्री कामावर'. मोकळ्या वेळेभोवती हिरव्या पेनाने गोल. पुढे बँड थांबला, म्युझिक कंपनी बंद पडली, मी घरच्या धंद्यात परतलो, बँडमधले बाकीचे दोघे कुवेतला गेले. चार्ट मात्र येत राहिला. कुवेतवाल्यांच्या रांगेत 'मे महिन्यात येणार' असं लिहिलेलं असे. गोल केलेल्या संध्याकाळी मी अष्टमीला इक्बालच्या घरी जायचो. दीपक यायचा, इक्बालची बायको, आमच्या भाभी, तांदळाची सांदणं पुढे ठेवायच्या, इक्बाल गिटार काढायचा. दर वेळी ठरवून जायचो, आज दोघांना सांगायचं की चूक माझी होती. कधी सीझनचं निमित्त, कधी पाहुण्यांचं. खरं कारण, लाज वाटायची.

गणपतीच्या सीझनला तो दोन महिन्यांचे चार्ट एकदम पाठवायचा, मला आधीच सवड काढता यावी म्हणून. या वर्षीही पाठवले होते. दुसऱ्यातल्या गोलाची संध्याकाळ गेल्या शनिवारी आली आणि मी हा लेख इथपर्यंत लिहून अष्टमीला गेलो. भाभींच्या परवानगीने त्याच्याच खोलीत बसून दीपकला वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हायती हाय, दादा. चार्ट मीच दिलता ना तुमाला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"इक्बालभायनं सांगितलं व्हतं, 'हा विषय काडू नको. त्याला लाज वाटंल, मंग तो यायचा बंद व्हईल.'"

मी तिथेच बसून रडलो. ते भाभींनी पाहिलं आणि त्या आत गेल्या. निघताना दीपकने पुढच्या महिन्याचा चार्ट हातात ठेवला. त्याचं अक्षर वाकडंतिकडं आहे, पण 'शनिवारी संध्याकाळी घरी' असं पूर्ण लिहिलंय, भोवती हिरवा गोल आहे. इक्बालची रांग त्याने काढून टाकलेली नाही, तिच्यात काही लिहिलेलंही नाही. तो चार्ट कारखान्यात रंगाच्या डब्यांच्या वर लावलाय. मी जाणार आहे.